लंगडं वळणावर कळतं

५ जानेवारी, सोमवार

चार दिस झालं गाडी कटकट करती, आन् मला सांगायला ह्या घरात कुणाला तोंड फुटलं न्हाई. कळलं कुठं, तर डेअरीवर. दूध घालायला गेले तर तिथला मापाडी दात काढून म्हणतो, "आज्जे, तुमची गाडी वळताना लाह्या भाजती व्हय?" गाडी माझ्या दारातली आन् बातमी मापाड्याकडनं.

घरी येऊन सुनेला धरलं. रंजना म्हणती, "व्हय आत्या, जरा वाजती." जरा म्हणं. आन् भाकरी थापत राहिली, मान वर न्हाई. मला सांगायला जीभ जड, नवऱ्याला मात्र फोनवर सांगून मोकळी. बापू, माझा ल्योक, मिल्ट्रीत हाय, लांब बरफात. तिथनं आवाज न ऐकता त्यानं निकाल दिला: "रंजी गाडी दामटती. तिच्या हातात टिकायची न्हाई. विकून टाकू." गाडी त्याच्या नावावर, म्हणून त्याचं तोंड मोठं.

ह्या गाडीतनं रोज वस्तीवरच्या चार पोरी विट्याला कॉलेजला जात्यात. आमची नात आरती आन् तिच्या बरोबरीच्या तिघी. चौघी बारावीला. सकाळची यष्टी बंद झाली तवापासनं रंजना सोडती, र. आणती. गाडी गेली की चौघी घरी. आन् घरी बसलेल्या पोरीला बघायला पावणं यायला वेळ लागत न्हाई. एकीच्या बापानं तर मागच्या म्हैन्यातच इचारलं, "गाडी कवापत्तुर हाय?" लई काळजी गाडीची.

मी चौथीला शाळा सोडली ती मेंढरामागं गेले. पण कान शाबूत हायत. मीच बसून ऐकते.

७ जाने., बुधवार

पुढं बसले, र. शेजारी. मागं चौघी, एकमेकीच्या मांडीवर. म्हणलं, गप बसा, मला ऐकायचंय. आरती म्हणती, "आज्जे, डॉक्टर लावत्यात तसली नळी आणू का कानाला?" म्हणलं, डॉक्टर हो आन् मग आण.

सरळ रस्त्याला आवाज न्हाई. खड्ड्यात न्हाई. ब्रेक दाबला तरी न्हाई. उजवीकडं वळली, न्हाई. कॉलेजच्या गेटात डावीकडं चाक पुरतं वळवून र. नं जरा रेस दिली आन् कट कट कट कट. रेस सोडली, गप. परत दिली, परत कट कट.

र. गाडी दामटत न्हाई. खड्डा लांबनं बघती, गिअर येळंवर टाकती. हे डोळ्यानं बघितलं. तोंडावर सांगितलं न्हाई. डोक्यावर बसंल.

९ जाने., शुक्रवार

फाट्यावरच्या फिटरकडं नेली. बोलका हाय. म्हणला, "आज्जी, ही पुढनं ओढणारी गाडी. इंजनाचा जोर पुढच्या दोन चाकास्नी जातो, दोन दांड्यांवरनं. चाक वळलं की दांडा वाकडा फिरायला पायजे, पण जोर तुटता कामा नये. म्हणून दांड्याच्या टोकाला जॉइंट असतो. सी.व्ही. जॉइंट. त्यावर रबराचा बूट, आत ग्रीस."

म्हणलं, म्हंजी पुढच्या चाकांनी ओढायचं बी आन् वळायचं बी. मागची दोघं नुसती मागनं येणार. आमच्या घरागत. फिटर लय हसला. त्याची बायको आत भांडी घासत हुती, ती न्हाई हसली.

"कुठल्या अंगाचा वाजतोय?" त्यानं इचारलं. म्हणलं, "डावीकडं वळताना वाजतोय म्हंजी डावा. एवढ्याला अक्कल लागती व्हय?" "तुमी म्हणता तसं." डाव्या चाकाचा बूट बदलला. जुना मला तरी धड दिसत हुता.

१० जाने.

वाजती. तशीच.

१२ जाने., सोमवार

बापूचा फोन. "आये, फिटर झाला, आता बास. सांगलीचं गिऱ्हाईक हाय माझ्या वळखीचं. रविवारी यायला सांगितलंय. चावी देऊन टाक."

म्हणलं, पोरींची प्रॅक्टिकल ह्या म्हैनाअखेरीला हायत. मग लेखी.

म्हणला, "यष्टीनं जातील की."

कुठल्या यष्टीनं? अकराला येती ती? ह्यो दहावीला असताना यष्टी चुकली म्हणून फाट्यावर बसून रडलेला, ते मला आठवतंय. त्याला न्हाई आठवत. मिल्ट्रीत विसरायचं बी शिकवत असतील.

१३ जाने., मंगळवार, भोगी

आज सापडलं. कुणी दावलं? भुरीनं.

भुरी म्हंजी आपली मेंढी, दोन दिसांपासनं उजव्या खुरात काय तरी हाय. माळावर सरळ चालताना पाय चोरती, बघणाऱ्याला कळत न्हाई. सांजच्याला मेंढरं वाड्याकडं डावीकडं वळवली. वळताना डाव्या अंगाची जागच्या जागी फिरत्यात, उजव्या अंगाच्यास्नी मोठा फेर घालावा लागतो. भुरी उजवीकडनं. फेर पडला, अंगावर भार आला, आन् लंगडली.

जागेवर उभी राहिले. डावीकडं वळताना भार उजव्यावर. म्हंजी डावीकडं वाजतंय त्ये उजवं हाय!

मेंढरं आरतीच्या हवाली केली. र. ला म्हणलं, गाडीत बस, चाक पुरतं वळवून ठेव, चावी काढ. पोतं टाकून उजव्या चाकापाशी आडवी झाले, फोनची बॅटरी लावली. चाकाच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडालेलं, गोल पट्टा, तव्याच्या बुडागत. बूट म्हंजी चुण्याचुण्याचं रबर, घागऱ्यागत. एका चुणीला फाट. बोट घातलं. ग्रीस कमी, वाळू जास्त.

चाळीस वर्सं मेंढरं वळवली आन् ही एवढीशी गोष्ट फिटरपुढं सुचली न्हाई. डावा म्हणून म्याच सांगितलं हुतं, हे कुणी आठवायची गरज न्हाई.

१४ जाने., संक्रांत

गोड बोलायचा दिवस. म्या दिवसभर गप बसून सण पार पाडला.

१८ जाने., रविवार

सांगलीचं गिऱ्हाईक आलं. गॉगल, पांढरी पँट. माळावर पांढरी पँट घालून येणाऱ्याला काय कळणार. टायरवर लाथ मारली, गाणी लावून बघितली, थंड हवा लावून बघितली. फाट्यापर्यंत सरळ जाऊन सरळ आला. "मावशी, गाडी एक नंबर. कागद कवा करायचं?"

मग उमजलं. बापूनं ह्याला आवाजाचं सांगितलंच न्हाई.

माझ्या सासऱ्यानं आटपाडीच्या बाजारात आंधळी शेळी आंधळी म्हणून विकली हुती. त्याचा नातू झाकून विकतोय. म्हणलं, "पावणं, थांबा. लंगडं मेंढरू सरळ चालवून कुणी बी दावंल. गोल फिरवून बघायचं असतं." र. ला म्हणलं, बस. वाड्यापुढच्या मोकळ्या जाग्यात डावीकडं चाक पुरतं मार, हळू रेस दे, फिरत रहा.

कट कट कट कट.

कोंबड्या पळाल्या. पावण्यानं गॉगल काढला. "ह्ये काय वाजतंय?"

"उजवा जॉइंट, चाकाकडचा. बूट फाटलाय, ग्रीस उडालंय, आत माती गेलीय. उजवीकडं वळून बघा, गप असतो. झोपा हितं पोत्यावर, आतलं बी दावते."

पांढऱ्या पँटीचा माणूस पोत्यावर झोपतोय व्हय. म्हणला, "मावशी, तुमास्नी गाडी विकायची हाय का न्हाई?"

म्हणलं, "मला न्हाई, माझ्या लेकाला. पण ल्योक तिकडं हाय आन् गाडी हिकडं."

चहा पिऊन गेला. र. कप धुताना हसत हुती. माझ्याकडं पाठ हुती, पण खांदं हलत हुतं.

२० जाने., मंगळवार

बापू तापला. "आये, घरची गाडी घरच्यानंच पाडायची असती व्हय?"

म्हणलं, "झाकून विकायची बी नसती. आज्जा असता तर तुझ्या कानाखाली वाजलं असतं, कुठंबी न वळता."

मग मिल्ट्रीतला सूर. "ठीक हाय. मला रिपोर्ट पायजे. रिटनमदी. बूट कशानं फाटला आन् कुणाच्या चुकीनं. रंजीच्या चालवण्यानं असंल तर गाडी विकायची, मग तू मधी पडायचं न्हाई. तिची चूक नसंल तर मी विकायचं परत नाव काढणार न्हाई."

म्हणलं, "ठरलं. शब्द फिरवलास तर बघ."

र. दाराआड हुती. तोंड पांढरं पडलेलं. म्हणलं, "भितीस कशाला? तू नीट चालवतीस, म्या बघितलंय." पहिल्यांदाच तोंडातनं गेलं. तरी तिचं तोंड उजळलं न्हाई. का, ते कळंना.

२२ जाने., गुरुवार

कराड ओलांडून मलकापूर. तिथं कांबळे मेस्त्री हायत, डेअरीच्या टेंपोवाल्यानं नाव सांगितलं. पोरी आज फाट्यापर्यंत चालत गेल्या, पहिला तास बुडाला. आमी दोघी हळूहळू. र. नं एक वळण घाईनं घेतलं न्हाई.

मेस्त्री वयस्क. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "आज्जी, बाहेर बाकड्यावर बसा."

"बाकड्यावर बसायला डेअरीवर बी जागा हुती. मी बघणार."

"मग लुगडं सांभाळा. हितं समदं काळं हाय."

बघितलं ते लिहून ठेवते, परत कुणी शेंडी लावाय नको. चाकाच्या मधला मोठा नट आधी सैल करायचा, गाडी भुईवर असतानाच. वर उचलली की चाक नुसतं गरगरतं. मग जॅक, आन् खाली टेकायला भक्कम घोडी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं न्हाई, जीव प्यारा असंल तर. चाक काढलं. खालचा सांधा सोडवला आन् हातभर लोखंडी दांडा बाहेर वढला. दोन टोकाला दोन जॉइंट. गिअरकडचा आतला, चाकाकडचा बाहेरचा. मेस्त्री म्हणलं, "आतला गेला की गाडी जोर धरताना थरथरती. बाहेरचा गेला की वळताना वाजतो. तुमचा आतला चांगला हाय."

बाहेरचा ठोकून काढला, डिझेलनं धुतला. आत सहा गोळ्या, पोलादी, बोराएवढ्या, जाळीत बसवलेल्या. गोळ्या ज्या खोबणीत पळत्यात तिथं बोट फिरवायला दिलं. खड्डं. वाळूनं खाल्लेलं. गोळी खड्ड्यावरनं गेली की कट. चाक पुरतं वळलेलं आन् वर जोर, की कट कट कट. भूत न्हाई, नजर न्हाई. खड्डा.

"बूट फाटला तवाच आला असता," मेस्त्री म्हणलं, "तर धुऊन, ग्रीस भरून, नवा बूट घालून मोकळं. जॉइंट वाचला असता. आता वाजायला लागल्यावर ग्रीसनं काय होत न्हाई. बदलायचा."

"मग बदला."

मेस्त्री जुना बूट हातात घेऊन चुणीचुणीतनं बोट फिरवत हुतं. थांबलं. पक्कड मागितली. करंगळीएवढा काटा निघाला. पांढरा, टोक मोडलेला.

"बाभळीचा. आज्जी, डांबरीवरनं जाणाऱ्या गाडीच्या बुटात ह्यो कसा शिरला?"

म्या काटा हातात घेतला.

मला म्हाईत हुतं. करडं गाडीखाली जाऊन बसत्यात, सावलीला. गेल्या साली एक चाकाखाली गेलं. तवापासनं रोज सांजच्याला पुढच्या दोन्ही चाकांभवती मीच बाभळीच्या फांद्या रचते. सकाळी र. वढून काढती. आमच्यात समदं काट्यानंच राखायचं: मेंढरांचा वाडा, कडब्याची गंज, कोंबड्यांची पिल्लं. काटा लावला की राखण झाली. रबराला काटा लावला हे डोक्यात आलं न्हाई. सकाळी एखादी फांदी सुटली न्हाई, चाकाबरोबर फिरली, काम झालं.

नवा जॉइंट, नवा बूट. ग्रीसची पुडी काळी, आख्खी रिकामी केली, अर्धी ठेवली न्हाई. बुटावर पट्ट्या आवळल्या. मोठा नट बी नवाच, मापाच्या पान्यानं आवळून वरनं ठोका मारून बसवला. मग मेस्त्री डावीकडं वाकून म्हणलं, "हिकडं बुटाला तार कुणी बांधली?"

"फाट्यावरच्या शहाण्यानं. धड बूट काढून ह्यो घातला."

"आन् धड बूट काढायला कुणी सांगितलं त्या शहाण्याला?"

र. माझ्याकडं बघायला लागली. म्या बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.

तीच तारीख, दुसरं पान

येताना गाडी गप. डावी वळणं मुद्दाम घ्यायला लावली. एक बी लाही न्हाई.

ओगलेवाडीच्या पुढं र. नं गाडी कडंला घेतली. म्हणली, "आत्या, मला ठाऊक हुतं."

"काय?"

"दिवाळीच्या आसपास फांदी अडकली हुती. म्या वढून काढली. रबर फाटलेलं दिसलं. तुमाला सांगितलं न्हाई."

"का?"

म्हणली, "तुमी काटं लावता म्हणून झालं, असं तुमाला कोण सांगणार?"

म्हणलं, "तू सांगायचं."

"एकदा सांगितलं हुतं. काटं लावू नका, गाडीला लागत्यात. तुमी म्हणला, माझ्या वाड्यात तुझी अक्कल चालवू नको. चार बायांदेखत."

म्हणले असंन. मला आठवत न्हाई. तिला तारखेसकट आठवतंय.

म्हंजी दिवाळीपासनं ही बाई फाटका बूट घेऊन चालवती, नवऱ्याचं ऐकून घेती, पर सासूला सांगत न्हाई. आन् मी पहिल्या पानावर लिहिलंय, कुणाला तोंड फुटलं न्हाई.

घर येईपर्यंत कुणी बोललं न्हाई. गाडी बी न्हाई.

२३ जाने., शुक्रवार

र. म्हणती, "आत्या, रिपोर्टात लिहा, काटा रस्त्यात लागला. कुणाची चूक न्हाई. त्यास्नी पटंल."

चांगला हाय बेत. तिच्यावर न्हाई, माझ्यावर न्हाई, रस्ता काय बोलत न्हाई. म्या अर्धा दिस त्यो बेत मनात ठिवला. दुपारी भुरीचा खूर बघितला. तिच्या बी खुरात काटाच. काढताना वाटलं...

जाऊ दे. मेंढीचं मेंढीपाशी.

झाकून विकणाऱ्याला झाकून रिपोर्ट द्यायचा, मग त्यात आन् माझ्यात फरक कसला? न्हाई. रस्ता न्हाई.

२५ जाने., रविवार

फांद्या काढल्या. एक बी ठिवली न्हाई. चाकांपुढं जुना पत्रा आडवा उभा केला, मागनं दगड. करडं पत्र्यावर शिंगं घासत बसली, पर आत न्हाई गेली. र. सकाळी पत्रा उचलती तवा खाली वाकून बघती. ते तिनं आपणच सुरू केलं, म्या सांगितलं न्हाई.

म्या मात्र एवढं सांगितलंय. विट्याचा बाजार सोमवारी. त्या दिशी चाक एकदा डावीकडं पुरतं, एकदा उजवीकडं, आन् चारी बूट बघायचं. दोन चाकाकडचं, दोन गिअरकडचं. चुण्या दाबून, फाकून. वलं काळं दिसलं, चाकाच्या आतल्या अंगाला शितुडं दिसलं, की त्याच दिशी मेस्त्री. आवाजाची वाट बघायची न्हाई. आवाज आला म्हंजी उशीर झाला. आन् गेटात चाक पुरतं वळलेलं असताना रेस रेटायची न्हाई, आधी चाक सरळाकडं आण, मग दाब.

र. म्हणली, "आन् काय दिसलं तर कुणाला सांगायचं?"

म्हणलं, "मला."

म्हणली, "ओरडशीला."

म्हणलं, "ओरडंन. सांगायचं."

२७ जाने., मंगळवार

उद्या पोरींचं पहिलं प्रॅक्टिकल. चौघींनी आजच कपडं इस्तरी करून ठिवली. ज्या बापानं गाडी कवापत्तुर हाय म्हणून इचारलं हुतं, त्यो डेअरीवर भेटला. म्हणला, "आज्जे, आवाज गेला जणू." म्हणलं, "गाडीचा गेला. माझा हाय."

रिपोर्ट वेगळा लिहिला न्हाई. वेगळा लिहायला बसलं की माणूस स्वतःला धुऊन काढतं. हीच पानं द्यायची ठरवली. आरतीला म्हणलं, फोटो काढ आन् बापाला पाठव. ती चाळत बसली. "आज्जे, डाव्या-उजव्याचं पान बी पाठवू?" "पाठव." "पांढऱ्या पँटीचं?" "पाठव." "आई गाडी दामटत न्हाई, ते? डोक्यावर बसंल म्हणलीस ते?"

"समदी म्हणलं ना. गाळलंस तर तुला गाळीन."

ते पान तिनं आधी आईला दावलं. मला दिसलं. र. चहा टाकायला उठली. चहात साखर मात्र दुप्पट पडली हुती. मला चालती कमी, ठाऊक हाय तिला.

दुपारी पाठवली. बघितली म्हणून खूण आली. तासाभरानं आरतीच्या फोनवर उत्तर आलं. पिवळा अंगठा. एक.

ह्याचा अर्थ काय, आरतीला बी सांगता येईना. गाडी राहिली? का आये, तुझी चूक, पण रंजी दिवाळीपासनं गप का बसली, म्हणून परत तिच्यावरच? त्याचा स्वभाव मला ठाऊक हाय, त्यो माझाच हाय. चूक माझी निघाली की त्यो तिच्या गप बसण्याला धरणार. गप ती कशानं बसली ते वर लिहिलंय. परत वाच म्हणावं.

उद्या सातला गाडी निघंल. परवा बी निघंल. चावी माझ्या कनवटीला हाय, कागद त्याच्या नावावर असू द्यात.

बापू, हे पान बी आरती आत्ताच पाठवतीया, म्हणून आता तुलाच लिहिते. दामटती दामटती म्हणून जिला बोललास, तिला आधी बोलायचं. मला उत्तर नको. आरतीकडं अंगठा नको, अंगठं उठवणं माझ्या सासूपर्यंत बास झालं. मी फोन उचलणार न्हाई, आरती उचलणार न्हाई. उत्तर तू द्यायचं, तुझ्या तोंडानं, आन् ते रंजनाला.